मागच्या जिन्याची किल्ली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सासरी गेलेल्या मुलीला नाही. मंगला गौरीच्या देवळात रोज सकाळी जातो, तिथंही नाही — हात जोडतो आणि निघतो, फार वेळ थांबत नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? खरं तर माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक असेल. आणि मला ओळखणाऱ्या सगळ्यांच्या मनात माझं जे चित्र आहे ते इतकं सुरेख आहे की — पण ते पुढे येईलच.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच फार चांगलं आहे. आमच्या रुग्णालयाला भर दुपारी आग लागली आणि आतलं एकही माणूस दगावलं नाही. एकतीस रुग्ण होते. एकतीसच्या एकतीस बाहेर आले. आजही कुणी ही गोष्ट काढली की माझी छाती फुगते. ती फुगायला नको, हे कळत असूनही फुगते.

मी बनारसी मराठी. आमच्या किती पिढ्या इथं झाल्या, ते वडिलांना नीट सांगता यायचं, मला येत नाही. वडील पाठशाळेत संस्कृत शिकवायचे. मला संस्कृत जमलं नाही, हिशेब जमला नाही, पण कागद जमला. पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्ल्यांमध्ये एक जुनं धर्मादाय रुग्णालय आहे, तीन मजली, चाळीस खाटांचं. तिथं मी कारकून म्हणून लागलो आणि व्यवस्थापक झालो. सगळे मला काळेजी म्हणायचे. अर्ज, परवाने, तपासण्या — कोणताही कागद माझ्याकडून कधी अडला नाही. आपत्कालीन सुरक्षेची जबाबदारीही माझ्याकडेच होती. म्हणजे आग लागली, पूर आला, बिजली गेली, तर रुग्णांना कसं वाचवायचं याची योजना तयार ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी तिचा सराव घ्यायचा. सरावाची नोंद एका रजिस्टरमध्ये करायची.

ते रजिस्टर सुंदर होतं. आता सांगतोच — त्यातला एकही सराव कधी झाला नव्हता.

सुरुवात साधी होती. पहिल्या खेपेला सराव ठरलाही होता, पण त्या दिवशी एक शस्त्रक्रिया लांबली आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला माणसं येणार होती. मी नोंद करून टाकली. म्हटलं, पुढच्या वेळी घेऊ. पुढच्या वेळी नोंद करणं आणखी सोपं गेलं. मग मी त्यात कलाकुसर करू लागलो. एकदा लिहिलं — मजला रिकामा होण्यास दोन मिनिटे विलंब, संबंधितांना समज दिली. कुणाला समज दिली? कुणालाच नाही. पण सगळं वेळेवर झालं असं लिहिलं तर खोटं वाटतं, थोडा विलंब असला की खरं वाटतं. पेनही बदलायचो. अशी सहा वर्षं गेली. दर वेळी शेवटी एक ओळ असायची — मागचा जिना मोकळा.

मागचा जिना मोकळा नव्हता. तिथं मोडक्या खाटा होत्या, गाद्या होत्या, आणि माझ्याच दफ्तरातल्या, म्हणजे कचेरीतल्या, जुन्या फाइलींचे गठ्ठे पार दुसऱ्या मजल्यापर्यंत रचलेले होते. खालच्या दाराला कुलूप. औषधांची चोरी होऊ नये म्हणून मीच लावलेलं. किल्ली माझ्या टेबलाच्या खणात.

मग मंदा सिस्टर आल्या.

मंदा वानखडे. अमरावतीच्या. नवरा रेल्वेत, बदली होऊन इथं आलेला. दुसऱ्या मजल्याच्या वॉर्डच्या त्या प्रमुख झाल्या. आठवड्याभरात त्यांनी मला फोनवर आईशी मराठीत बोलताना ऐकलं आणि सरळ आत आल्या. चेहरा असा खुलला होता की माहेरचं माणूस भेटावं. म्हणाल्या, “सर, तुम्ही तर आपल्यातले निघाले.” आमची मराठी घरातली, अर्धी हिंदी मिसळलेली. त्यांची वऱ्हाडी. पण चार दिवस फार बरं वाटलं. दफ्तरात मराठीत बोलणं मला ठाऊकच नव्हतं.

पाचव्या दिवशी त्या मागच्या जिन्याबद्दल बोलल्या.

“सर, तिथं तर पाय ठेवाले जागा नाही. उद्या काही झालं तर ह्या लोकांले न्याचं कुठून?”

मी म्हटलं, बघू. त्या म्हणाल्या, बघू नका, सराव घेऊ. गली इतकी अरुंद आहे की दमकल, म्हणजे आगीचा बंब, येणार नाही, रुग्णवाहिका येणार नाही, जे करायचं ते आपल्यालाच करावं लागेल. आधीच्या नोकरीत त्यांनी एकदा धूर भरलेल्या वॉर्डबाहेर बंद कुलूप पाहिलं होतं. तेवढंच त्या म्हणाल्या.

मी नाही म्हणालो. का? सराव घेण्यात काय गेलं असतं? सांगतो काय गेलं असतं. पहिला खरा सराव झाला असता तर तो किती गोंधळाचा होतो ते सगळ्यांना दिसलं असतं, आणि मग कुणीतरी विचारलं असतं — सहा वर्षं सराव चालू आहेत ना, मग हे असं कसं? मला रुग्णांची भीती नव्हती वाटत. मला माझ्या अक्षराची भीती वाटत होती.

त्यांनी माझ्याशिवायच सुरू केलं. रविवारी दुपारी, ओपीडी बंद असायची तेव्हा, आया आणि सफाईवाले यांना घेऊन. जिना मोकळा केला. माझे गठ्ठे छतावरच्या खोलीत नीट रचून ठेवले. मग रुग्ण चादरीत उचलायला शिकवलं — खाटेवरचीच चादर, चार कोपऱ्यांना चार माणसं, पाय आधी. आमचा सफाईवाला किशोरी सगळ्यांत जाडा, तर तो रुग्ण व्हायचा. त्याला जिन्यावरून खाली नेताना सगळ्या हसायच्या, माझ्या दफ्तरापर्यंत ऐकू यायचं. मागचं दार ज्या गलीत उघडतं तिथं विणकरांची घरं आहेत. त्यांच्याकडे जाऊन चहा पिऊन, आपत्तीच्या वेळी अंगण वापरायची परवानगी घेऊन आल्या. आणि घाटावर जाऊन छेदी मल्लाहशी बोलल्या. त्याच्या इंजिनाच्या होड्या आहेत. रुग्णवाहिका गलीत येऊ शकत नाही, पण राजघाटावर येऊ शकते. आणि पंचगंगेवरून राजघाट म्हणजे धारेबरोबर थोडंसंच अंतर. आमचं घराणं किती पिढ्या या घाटावर नहातंय — आमच्यातल्या एकाला तरी हे सुचलं होतं का?

आणि बाजारात कुलपाचा ठसा देऊन त्यांनी मागच्या दाराची दुसरी किल्ली करून घेतली. ती वॉर्डातल्या खिळ्याला लावली, लाल फीत बांधून.

मी त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली.

तीन आरोप लिहिले. दफ्तराचा दस्तऐवज विनापरवानगी हलवणे. रुग्णालयाच्या कुलपाची बनावट किल्ली करवणे. विश्रांतीच्या वेळी रुग्णांना उपद्रव होईल असे प्रकार करणे. छान भाषा होती. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं — तिन्ही गोष्टी मी केल्या आहेत. पुढेही करीन.

त्या वर्षी मेट्रनची जागा रिकामी झाली. ज्येष्ठतेनं ती त्यांची होती. ट्रस्टींनी फाइल मागवली, नोटीस पाहिली, आणि जागा दुसरीला दिली. त्यानंतर त्या माझ्याशी हिंदीत बोलू लागल्या. बस, एवढाच फरक केला. रविवारचे सराव चालूच राहिले, आणि मी ते ऐकू येत नाहीत असं दाखवत राहिलो.

आता आगीचा दिवस. मे महिना, साडेबारा वाजत आलेले. तळघरात गोदाम होतं आणि त्यातच इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. आधी रबर जळाल्याचा वास आला. मग तळघराच्या दारातून धूर आला तो असा जाड, काळा, की डोळ्यांदेखत पुढचा जिना दिसेनासा झाला. पुढचा जिना तळघराच्या बरोबर वरून जातो. धुराला दुसरी वाटच नव्हती.

वर काय झालं ते मला नंतर सगळ्यांनी सांगितलं, इतक्यांदा, इतक्या आनंदानं, की मी स्वतः तिथं असल्यासारखं वाटतं. मंदा सिस्टरांनी आरडाओरडा केला नाही. म्हणाल्या, “रविवार आहे असं समजा.” हिंदीत म्हणाल्या असणार, पण मला ते मराठीतच आठवतं. एका आयेनं खिळ्यावरची किल्ली घेतली आणि ती आधी खाली धावली. पुढच्या जिन्याकडची दारं बंद झाली, फटींत ओल्या चादरी कोंबल्या गेल्या. चालणारे रुग्ण आधी, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून, ओळीनं. मग चादरीतले. दोघांना ऑक्सिजन लागत होता, त्यांचे छोटे सिलिंडर त्यांच्याच पायांमध्ये ठेवून खाली आणले. पहाटेच बाळंत झालेली एक बाई होती, शस्त्रक्रिया झालेली. ती एका चादरीत, आणि तिची मुलगी एका नर्सच्या ॲप्रनमध्ये बांधलेली. किशोरी, तो जाडा, त्या दिवशी चादरीचा पहिला कोपरा धरून सहा वेळा वर-खाली गेला.

मी मागच्या गलीत पोचलो तेव्हा दार सताड उघडं होतं आणि माणसं येत होती. एकामागून एक. कुणी ढकलत नव्हतं. विणकरांच्या बायकांनी अंगणात खाटा टाकल्या होत्या, माठ आणून ठेवले होते. मी आयुष्यात पुष्कळ उत्सव पाहिलेत, बनारसला काय कमी. पण त्या दारातून येणाऱ्या त्या चादरींसारखं काही पाहिलं नाही.

दमकल आली ती मोठ्या रस्त्यावरच थांबली. त्यांचे पाइप जोडत जोडत आत येईपर्यंत आमच्यातले नऊ अत्यवस्थ रुग्ण घाटाच्या वाटेला लागले होते. पंचगंगेचा घाट किती उभा आहे ते पाहिल्याशिवाय कळायचं नाही. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं, म्हणून पायऱ्या आणखी जास्त. दगड तव्यासारखे. त्या पायऱ्यांवरून मल्लाह, विणकर, आमच्या आया, दर्शनाला आलेले दोन यात्रेकरू — चादरी धरून उतरले. खाली छेदीच्या तीन होड्या इंजिन चालू करून उभ्या होत्या. मग त्या निघाल्या. भर दुपारी गंगेवरून तीन होड्या, आणि प्रत्येक होडीत एक नर्स सलाईनची बाटली हात उंच करून धरून उभी. घाटावर कुणीतरी “हर हर महादेव” म्हणालं, आणि मग सगळा घाट म्हणाला. घाटावरच्या मशिदीच्या भिंतीपाशी उभे असलेले लोक टाळ्या वाजवत होते. राजघाटावर रुग्णवाहिका वाट पाहत होत्या. नऊच्या नऊ जण जगले. ती बाळंतीणही, तिची मुलगीही.

मी रडलो. ते खरं आहे, ते खोटं नव्हतं.

पण मधली एक गोष्ट मी गाळली आहे. गेली इतकी वर्षं गाळतोच आहे. मी मागच्या गलीत पोचलो म्हटलं — पोचलो कुठून?

धूर निघाला तेव्हा मी खालच्या मजल्यावर दफ्तरात होतो. पुढचं दार माझ्यापासून दहा पावलांवर. खणात किल्ली होती — मला दुसऱ्या किल्लीची आठवण तेव्हा झालीच नाही, माझ्या लेखी जगात ती एकच किल्ली होती. खण उघडायला किती वेळ लागतो? मी उघडला नाही. मी दहा पावलं चाललो आणि पुढच्या गलीत जाऊन उभा राहिलो. वर एकतीस माणसं होती आणि त्यांचं दार माझ्या खणात बंद होतं, हे मला अगदी स्वच्छ कळत होतं. मी सावलीत उभा होतो. किती वेळ? पुष्कळ. लोक विचारत होते, काळेजी, आत कोण आहे. मी म्हणत होतो, सगळे.

मग मागून माणसांचे आवाज आले आणि मी वळसा घालून मागच्या गलीत गेलो. अंगणाच्या दारात छेदी भेटला. त्यानं मला पाहिलं आणि त्याचं तोंडच उतरलं.

“अरे, आप त इहाँ हईं. सिस्टर आपे के खोजै भीतर गइल हईं.”

सिस्टर मलाच शोधायला आत गेल्या होत्या.

त्यांनी यादी केली होती ना. त्या दिवशी इमारतीत असलेल्या प्रत्येकाची, रुग्ण आणि कर्मचारी दोन्ही. अंगणात उभं राहून त्यांनी नावं पुकारली. सगळ्यांवर खूण झाली. एक नाव उरलं. त्यांनी रुमाल भिजवला, तोंडाला बांधला, यादी एका नर्सच्या हातात दिली आणि परत आत गेल्या — तळमजल्यावर, माझ्या दफ्तराकडे, जिथं धूर सर्वांत जास्त होता.

मी काय केलं? मी दारात उभा राहिलो. हाक मारायची होती, मारली नाही. आत जायचं होतं — नाही, हेही खोटं आहे, आत जायचं नव्हतं. एक विणकर अंगावर घडाभर पाणी ओतून आत गेला. मी त्याला वाट करून दिली.

तो त्यांना धरून बाहेर घेऊन आला. चेहरा काळा, डोळे लाल, खोकला थांबत नव्हता. त्यांनी मला पाहिलं. माझा शर्ट पाहिला असणार — पांढरा होता, तसाच पांढरा. त्यांनी नर्सकडून यादी मागून घेतली, माझ्या नावापुढे खूण केली, आणि बसलेल्या आवाजात, मराठीत, म्हणाल्या, “सापडले.”

मग त्या अत्यवस्थ रुग्णांकडे वळल्या. होड्यांचं सगळं त्यानंतर झालं.

संध्याकाळी ट्रस्टी आले. अध्यक्षांनी माझा हात धरून विचारलं, तुम्ही कुठे होता? आणि मी म्हणालो, “वर होतो. शेवटचा मजला तपासत होतो. कुणी राहिलं तर नाही ना.” हे मी ठरवून म्हणालो नाही. पण म्हणालो, आणि सिस्टर पाच हातांवर उभ्या होत्या. अध्यक्षांचे डोळे भरले. मग सगळीकडे तेच झालं — काळेजी शेवटपर्यंत आत राहिले, आणि सिस्टर त्यांना आणायला गेल्या. किती सुंदर गोष्ट. वर्तमानपत्रात आली.

त्या रात्री मी नोटीस त्यांच्या फाइलमधून काढली आणि फाडली. पश्चात्तापानं नाही. चौकशी होणार होती.

चौकशीला तिघे आले. त्यांनी रजिस्टर उघडलं, पानं उलटली, आणि एक जण म्हणाला, अशी नोंद आम्ही कुठेच पाहिली नाही. त्यांनी नर्सना विचारलं, सराव व्हायचे का? सगळ्या म्हणाल्या, हो, नियमित. खरंच होत होते ना, रविवारी. त्या खोलीत सगळे खरं बोलले, एक मी सोडून. सिस्टरांना त्यांनी फक्त तब्येत विचारली. त्या “ठीक आहे” म्हणाल्या. त्या गप्प का राहिल्या? मला माहीत नाही. त्यांच्या वतीनं काही चांगलं कारण मी शोधणार नाही, त्यात माझाच फायदा होईल.

पुढे मला शाल मिळाली. मग दुसऱ्या रुग्णालयांनी बोलावलं, आपत्तीची तयारी कशी करावी ते सांगायला. मी गेलो, आणि सगळं शिकवलं. चादरीचे चार कोपरे, पाय आधी. खिळ्याला लाल फितीची किल्ली. शेजाऱ्यांचं अंगण आधी मागून ठेवा. नदी असेल तर नदी वापरा. पुष्कळ ठिकाणचे जिने मोकळे झाले, कुलपं निघाली. एका ठिकाणी खरोखर आग लागली आणि तिथलेही सगळे सुखरूप बाहेर आले. त्यांनी मला फोन केला, आभार मानले. मी म्हणालो, माझं कर्तव्यच होतं. एका तरुण नर्सनं प्रशिक्षणात विचारलं, सर, होड्यांचं तुम्हाला कसं सुचलं? मी म्हणालो, घाटावरच वाढलो ना.

मंदा सिस्टर वॉर्डप्रमुख म्हणूनच निवृत्त झाल्या. आवाज बसला तो बसलाच. निरोपाला रुग्णालयाचं अंगण भरलं होतं. विणकरांकडून त्यांच्यासाठी एक बनारसी साडी आली, आठ महिने खपून विणलेली. ती बाळंतीण आली होती, मुलीला घेऊन. मुलगी आता पळत होती, सिस्टरांच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. छेदीनं ऐकलंच नाही, म्हणाला, स्टेशनाला रिक्षानं नाही, होडीनं जायचं. त्या मुहल्ल्यातला प्रत्येक माणूस त्यांच्या पाया पडायला आला होता. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की गलीला सगळं पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बोलायला मला उभं केलं. माईक हातात होता, सगळे समोर होते. मी त्यांच्या वक्तशीरपणावर बोललो.

मग त्या घाट उतरल्या. होडीत उभ्या राहिल्या, नवी साडी नेसलेल्या, आणि घाटानं पुन्हा एकदा हर हर महादेव केलं, आगीच्या दिवसापेक्षा मोठ्यानं. त्या हसत होत्या, हात हलवत होत्या. मी सगळ्यांत वरच्या पायरीवर होतो. त्यांनी वर पाहिलं नाही.

मी कोणताही मजला तपासला नव्हता. ती योजना मंदा वानखडे यांची आहे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.